सिंह उतरवला त्या आठवड्यात

बॉस्टनच्या जुन्या स्टेट हाउसच्या माथ्यावरून
क्रेनने उचलला, ट्रकमध्ये घालून
आमच्या वर्कशॉपात आणला,
पट्ट्यांनी बांधलेला, पंजांखाली कुणाची तरी जुनी गादी.
सोबत त्याचा एकशिंगी घोडा.
राजचिन्हात घोड्याच्या गळ्यात साखळी असतेच,
म्हणून आनिबाल म्हणाला,
याला वेगळं बांधायला नको.

रस्त्यावरून बघितला की सिंह गर्जतो.
टेबलाच्या उंचीवर, समोरासमोर,
जांभई देताना पकडल्यासारखा दिसतो.

मी पोटात टॉर्च मारला.
बाहेर सोन्याचा वर्ख, आत हिरवा अंधार,
आणि शिवणीवर एके ठिकाणी
जाड, ओघळलेला डाख.
घाईत दिलेला. शुक्रवार असावा.

विटांचं ते घर राजाच्या नावानं चालायचं.
गव्हर्नर वरच्या मजल्यावर बसून
समुद्रापलीकडच्या सहीची वाट बघायचा;
खिडकीतून धक्का सरळ दिसे,
बातमीच्या आधी शीड दिसे.
मग एका जुलैत त्याच घराच्या सज्जातून जाहीरनामा वाचला
आणि त्या रात्री लोकांनी
लाकडाचा सिंह, लाकडाचा घोडा
रस्त्यात जाळला.
पुढे त्या घरात दुकानं आली, शिंपी आले,
भाडं थकलं, छप्पर गळलं.
शंभर वर्षं गेल्यावर कुणाला तरी वाटलं,
घर बोडकं दिसतंय.
राजा नको,
पण सिंह असू दे.

आमच्या तांबट आळीतही एक सिंह आला होता,
माझ्या जन्माआधी, हातगाडीवरून.
कुठल्या कचेरीच्या कमानीवरचा, ते आबांना आठवत नाही.
लिलावात मोडीच्या भावानं घेतला, एवढं पक्कं.
आजोबांनी आधी शिंग तोडलं,
येता-जाता कोपराला लागत होतं.
मग दोघांना भट्टीत तापवलं, पत्रा सरळ केला, मठारला,
त्याचा बंब झाला.
त्या बंबाच्या पाण्यानं मी दहावीपर्यंत न्हाले.
तोटीच्या वर एक कुरळी रेघ राहिली होती,
किती ठोकली तरी न गेलेली.
आई म्हणायची, आयाळ आहे, घास नीट.
चिंच आणि राख घेऊन मी घासायचे.
घासायचं काम माझं. हातोडी भावाची.
भाऊ आता बँकेत आहे.

बुधवारी सिंहाच्या डोक्यात पेटी सापडली.
तांब्याची, चपलांच्या खोक्याएवढी.
पांढरे हातमोजे आले, कॅमेरे आले,
मृतांनी आम्हाला लिहिलेली पत्रं एकेक करून निघाली.
सगळे पेटीभोवती.
मी आणि आनिबाल सिंहापाशी थांबलो,
त्याचं डोकं उघडंच होतं, कुणीतरी थांबायला हवं होतं.
आनिबालच्या आजोबांच्या बेटावर पोर्तुगालचा राजा होता.
‘तुमच्याकडे काय होतं कमानीवर?’ मी विचारलं.
तो म्हणाला, आठवत नाही,
पण खाली रांग होती, ती आठवते.

मग पोचे काढले, शिवण नव्यानं दिली,
वर्ख लावला. श्वास रोखून लावावा लागतो,
नाहीतर सोनं उडून नाकाला चिकटतं.
म्युझियमच्या बाईंनी विचारलं, कसं आहे आता?
मी बोटाच्या पेरानं पोटावर वाजवलं, कान लावला,
आणि तोंडातून मराठीच आलं:
भांडं चांगलं आहे.

सिंह परत वर गेला. त्याच्या पायाखाली तळघरातून
भुयारी रेल्वे जाते, खिडक्यांची तावदानं हलतात.
रात्री मी आबांना फोनवर सगळं सांगितलं,
राजा, होळी, पेटी, पत्रं, वर्ख.
त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.
शेवटी म्हणाले, पत्रा केवढा जाड?
मी माप सांगितलं.
पलीकडे जरा वेळ पंखा ऐकू आला.
पातळ आहे, आबा म्हणाले.
याचा बंब झाला नसता.